फायरप्लेसनं घर तापत नव्हतं

परदेशी चित्रपटांतल्या बर्फाळ रात्री आपल्या मनात ठसलेल्या असतात. भिंतीतल्या फायरप्लेसमध्ये लाकडं पेटलेली, समोर आरामखुर्ची. त्यावरून वाटतं, पूर्वीची युरोपीय घरं फार उबदार असतील. खरं तर उघडी फायरप्लेस हे घर तापवण्याचं अत्यंत उधळं साधन आहे. जळणातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता खोलीला मिळते, बाकीची धुराड्यातून आकाशात जाते. वर जाणारा झोत खोलीतली तापलेली हवाही ओढून नेतो आणि तिची जागा घ्यायला दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत शिरते. आगीपुढे बसलेल्याचे गुडघे भाजत आणि पाठ गारठलेली राही. पलंगांना जाड पडदे लावण्यामागे शोभेइतकंच हेही कारण होतं.

मग धुराडी बांधलीच कशाला? धुरासाठी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सामान्य घरात आग जमिनीवर मधोमध पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. ऊब घरातच राही, पण धूरही राही. विल्यम हॅरिसनच्या १५७७ सालच्या इंग्लंडवर्णनात गावातली म्हातारी माणसं आपल्या हयातीत झालेले बदल सांगतात. त्यांत नव्यानं उभी राहिलेली असंख्य धुराडी आहेत. धूर गेला आणि सोबत ऊबही गेली. धूर घालवायचा पण उष्णता राखायची, हा पेच सोडवण्यात पुढच्या पिढ्यांची बुद्धी खर्च झाली, आणि मला या इतिहासाचा गाभा तोच वाटतो.

बंद लोखंडी शेगडी बेंजामिन फ्रँकलिननं शोधली, असं सर्रास सांगितलं जातं. पण १७४४ च्या त्याच्या पुस्तिकेतच डच आणि जर्मन शेगड्यांचं वर्णन आहे. त्या आधीपासून वापरात होत्या. त्याच्या शेगडीत धूर आधी खाली उतरून मग धुराड्यात जाई, म्हणजे जाता जाता आपली उष्णता देऊन जाई. कल्पना सुंदर होती, पण थंड झालेला धूर वर चढेना आणि खोलीत परते. शेगडी फारशी खपली नाही. नंतर त्याच्या नावानं विकल्या गेलेल्या शेगड्यांची रचना बरीच वेगळी होती. त्यानं पेटंट मात्र देऊ केलेलं असूनही नाकारलं. ही गोष्ट खरी आहे आणि आदरानं सांगावी अशी आहे. धुराड्याचा घसा चार इंचांवर आणून फायरप्लेस उथळ करणारा, बाजू तिरप्या करून उष्णता खोलीकडे वळवणारा काउंट रम्फर्ड तुलनेनं विस्मृतीत गेला. त्याचा निबंध १७९६ चा.

सेंट्रल हीटिंग आधुनिक आहे, हाही गैरसमजच. रोमनांनी विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन उचलून तिच्याखालून गरम हवा खेळवली होती. मात्र ही सोय स्नानगृहांत आणि श्रीमंतांच्या वाड्यांत होती. सामान्य रोमन माणूस निखाऱ्यांच्या भांड्यावरच हात शेकत असे. हे तंत्र साध्या घरांपर्यंत नेलं ते कोरियानं. तिथल्या ‘ओंदोल’मध्ये स्वयंपाकाच्या चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या वाटांनी फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. एकाच जळणावर भात शिजे आणि झोपायची जमीनही तापे. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटनं टोकियोत अशी खोली अनुभवली आणि पुढे अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या जेकब्स कुटुंबाच्या घरात, १९३७ मध्ये, फरशीखाली गरम नळ घातले.

सगळ्यांत घातक समज उरला आहे: धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही. कोरियन युद्धानंतर ओंदोलमध्ये कोळशाच्या वड्या जळू लागल्या आणि फरशीच्या भेगांतून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच अनेकांचे जीव घेतले. पुढे गरम पाण्याचे नळ आले तेव्हाच ते संकट आटोक्यात आलं. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आपल्याकडेही कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपतात, किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर लावतात. शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख चढली, तरी आत कोळसा जळतच असतो. झोपायच्या खोलीत ती ठेवूच नये. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. डोकं जड झालं, मळमळू लागलं, तर आधी दार उघडून बाहेर पडावं.