गाव सोडून गेलेला संघ

श्रोतेहो, हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान येते. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती आणि बाजूला सहा-सहा गडी. कॅनडातल्या विनिपेग शहरी हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा या खेळाचे तिथे वेड असावे यात नवल काय? या शहराचा ‘जेट्स’ हा धंदेवाईक संघ १९७२ साली उभा राहिला आणि १९७९ मध्ये अमेरिका व कॅनडा मिळून चालणाऱ्या ‘नॅशनल हॉकी लीग’मध्ये दाखल झाला.

आता हा संघ कुणाचा? गावाचा, असे आपण म्हणू. व्यवहार तसे म्हणत नाही. तिथे संघ ही मालकाची मिळकत असते. लीग त्याला जणू परवाना देते. आणि लीगची संमती मिळाली, की दुकान हलवावे तसा संघ परगावी हलवता येतो.

विनिपेगचे झाले असे. खेळाडूंचे पगार भराभर वाढले. ते द्यायचे अमेरिकी डॉलरांत, आणि तिकिटांचे पैसे यायचे कॅनडाच्या डॉलरांत! १९९५ च्या सुमारास शंभर अमेरिकी डॉलर द्यायला कॅनडाचे एकशे पस्तीसच्या आसपास मोजावे लागत. त्यात क्रीडागृह जुने, उत्पन्न तोकडे. लोकांनी निधी जमवला. शाळकरी मुलांनीसुद्धा आपले गल्ले रिकामे केले. त्यावर एक हंगाम निभावला, एवढेच. २८ एप्रिल १९९६ रोजी तिथला अखेरचा सामना झाला, आणि संघ अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरी गेला. नावही बदलून ‘कायोटीज’ झाले.

तिथे तरी बरे चालले का? नाही. २००९ मध्ये दिवाळखोरी आली आणि लीगनेच संघ विकत घेतला. २०२२ पासून तो एका विद्यापीठाच्या पाचेक हजार प्रेक्षकांच्या क्रीडागृहात खेळू लागला. २०२४ मध्ये खेळाडू तिथूनही हलले. ते सॉल्ट लेक सिटीला गेले.

इकडे विनिपेगने २००४ मध्ये नवे क्रीडागृह उघडले. २००५ पासून लीगने प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला मर्यादा घातली, आणि कॅनडाचा डॉलरही वधारला. हिशेब जुळला, तसा २०११ मध्ये अटलांटा शहराचा संघ विनिपेगला आला. त्याला जुनेच नाव मिळाले, ‘जेट्स’! जुन्या संघाचे विक्रम मात्र लीगच्या दप्तरी फिनिक्सच्याच खात्यावर राहिले. आणि विनिपेगला आनंद झाला त्या दिवशी अटलांटाच्या चाहत्यांचा संघ गेला, हेही विसरू नये.

मंडळी, गावाची माया खरी. पण मायेला मालकीहक्क नसतो. अमेरिकेतल्या ग्रीन बे या लहानशा शहराने मात्र निराळी वाट धरली. तिथला फुटबॉल संघ १९२३ पासून सामान्य नागरिकांच्या भागभांडवलावर चालतो. त्या भागांवर नफा वाटत नाहीत. तो संघ आजही आपल्या गावातच आहे. सहकार ठाऊक असलेल्या आपल्या मंडळींना यातले मर्म वेगळे सांगायला नको.