ऑर्किडला पाणी घालण्याआधी मुळं बघा

मागच्या जुलैत शिवाजी पेठेतल्या आपल्या मासिक बैठकीला एका गटाच्या तिघी पिशवीत ऑर्किडच्या कुंड्या घेऊन आल्या. पानं पिवळी, बुडखा मऊ पडलेला, वरून घाण वास. "अगं ताई, तू सांगितलंस तसं रोज पाणी घातलं की. मग कुजलं कसं?" काकींनी विचारलं. मला उत्तर देता येईना. मे महिन्यात उन्हाळ्यासाठी मी लिहून दिलेला पाण्याचा तक्ता जुलैतही पॉलिहाऊसमध्ये तसाच लटकत होता. चूक माझीच. 70 रोपं गेली, कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला.

आजरा, राधानगरीकडच्या तायांनी आंब्याच्या नाहीतर जांभळीच्या खोडावर सीतेची वेणी बघितली असेल. बरेच जण तिला बांडगूळ समजतात. पण ती झाडाचा रस पीत नाही, नुसती फांदीवर बसते. मुळं हवेत मोकळी. पावसात भिजतात, वाऱ्यानं वाळतात. आपण लावतो ते डेंड्रोबियमही असंच झाडावर वाढणारं. म्हणून त्याला माती लागत नाही. नारळाची सोडणं, लोणारी कोळसा, विटांचे तुकडे पुरतात. त्याच्या मुळावर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवट. चंदेरी दिसलं तर पाणी द्या, हिरवं असेल तर थांबा. मूळ तपकिरी होऊन बोटात पचपचीत लागलं, तर ते मेलं.

(जंगलातली सीतेची वेणी मात्र काढून आणू नका. घरी आणलेली बहुतेकदा जगत नाही, आणि रानातलीही जाते.)

आपल्याकडं ऑर्किडला खरी भीती पावसाळ्याची. झड लागली की हवेतच इतका ओलावा असतो की मुळं चार-चार दिवस वाळत नाहीत. तेव्हा पाणी बंद. उघडीप मिळाली आणि मुळं चंदेरी झाली तरच, तेही सकाळी 10 च्या आत. संध्याकाळी घातलेलं पाणी कोंबात रात्रभर साचतं आणि तिथूनच कूज सुरू होते. पाऊस आत येतो म्हणून पडदे गच्च बांधून ठेवू नका. ज्या बाजूनं झड येत नाही ती बाजू उघडी ठेवा, कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर सोडा. पानावर पाणीदार तपकिरी डाग दिसला की ते रोप आधी बाजूला काढा, डागाच्या खालून चांगल्या भागापर्यंत कापा. पुढच्या रोपाला तेच ब्लेड लावण्याआधी स्पिरिटनं पुसा, नाहीतर रोग आपणच वाटत फिरतो. बुरशीनाशक फवारायचं तर डब्यावरचं प्रमाण वाचून, हातमोजे आणि मास्क घालून.

गोगलगायी रात्री येऊन कोवळी मुळं आणि कळ्या खातात. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. औषधाला खर्च नाही.

थंडीत फार काही करायचं नसतं. डेंड्रोबियमला 15 अंशांखालची रात्र सोसत नाही, पानं गळतात. दिवस मावळायच्या आत पडदे खाली सोडा, पाणी तीन-चार दिवसांआड, खत कमी. टाकीतलं गार पाणी लगेच घालू नका, थोडं ऊन लागू द्या.

फेब्रुवारीपासून ऊन चढतं. वर 50 टक्क्यांची शेडनेट असेल तर एप्रिलमध्ये आणखी एक जाळी ओढा. दुपारी झाडावर नाही, वाटेवर आणि जमिनीवर पाणी मारा. हवा दमट राहते. मुळं लवकर वाळतात म्हणून पाणी रोज, कधी दोनदाही लागतं. खत 19:19:19, लिटरला 1 ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि ते ओल्या मुळांवरच. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा. बोअरचं पाणी खारट असेल तर सोडणांवर पांढरा थर बसतो, मुळं करपतात. अशा ठिकाणी पावसाचं पाणी साठवलेलं बरं. वळवाच्या आधी प्लास्टिकच्या दोऱ्या तपासून घ्या.

त्या गटानं माझा जुना तक्ता काढून टाकलाय. आता नोंदवहीत "पाणी किती घातलं" याच्या आधी "मुळांचा रंग" असा रकाना आहे. यंदा जुलैत त्यांची चारच रोपं कुजली. कुणाला तो रकाना आखून हवा असेल तर पुढच्या बैठकीला वही घेऊन या.