थंडी, लाइट आणि सोलापूरची तार

हिवाळ्यात हवामान खात्याची किमान तापमानाची यादी चाळली, तर अलीकडे राज्यातल्या गारठलेल्या गावांत जेऊरचं नाव हटकून दिसतं. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं हे गाव महाबळेश्वराच्या पंगतीत कसं बसलं, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. इथल्या केळीवाल्यांना अजिबात नाही. पारा दहाच्या आसपास उतरला की बागेला चरका बसतो: पानं पिवळी पडतात, घड निसवायला अडतो, साल काळपट होते. उपाय जुनाच. रात्री पाणी द्यायचं, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. आणि बांधाला पालापाचोळा पेटवून धूर धरायचा. म्हणजे थंडीची तयारी आली मोटारीवर, आणि मोटार आली लाइटवर. शेतीची लाइट तर आठवड्यातले काही दिवस रात्रीच. डिसेंबर 2020 मध्ये याच तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं धुमाकूळ घातला, तेव्हा रात्री दारं धरायला जायची कुणाची छाती होईना. दिवसा लाइट द्या, ही मागणी तेव्हा जिवाची झाली होती. 18 डिसेंबरला बिबट्या मारला गेला. लाइटीचं रडगाणं उरलंच.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या भाच्याचा टेक्सासातल्या डॅलसहून फोन आला. बाहेर बर्फ, घरात लाइट नाही, शेगडी विजेची, हीटर विजेचा. त्याच्या आईनं इकडून पहिला प्रश्न विचारला, “पिंप भरून ठेवलंस का?” त्यानं नव्हतं भरलं. आमच्या पिढीला भारनियमनानं जे शिकवलं, ते अमेरिकेत शिकायची कधी वेळच आली नव्हती. तिकडे नळात पाणी गोठलं की पाइप फुटतो, म्हणून नळ बारीक धारेनं चालू ठेवायचा आणि लाइट गेली तर मुख्य कॉक बंद करून पाइप रिकामे करायचे, हे त्याला शेजाऱ्यानं सांगितलं.

मला विजेच्या जाळ्याचं वेड आहे, त्यामुळं पुढचे काही महिने मी टेक्सासच वाचत बसलो. 15 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे दोनच्या सुमारास तिथल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, जी 60 हर्ट्झ हवी, ती 59.3 पर्यंत घसरली. ग्रिडमधली सगळी जनित्रं दिंडीतल्या वारकऱ्यांसारखी एका पावलीत चालतात. ओझं वाढून पावली मंदावली की एकेक जण बाहेर पडतो. 59.4 च्या खाली नऊ मिनिटं गेली असती, तर जनित्रं आपोआप सुटत गेली असती आणि जवळपास अख्खं राज्य काही आठवडे अंधारात राहिलं असतं. फ्रिक्वेन्सी तिथं 4 मिनिटं 23 सेकंद होती. ती सावरायला 20,000 मेगावॅटपर्यंतचा भार तोडावा लागला, 45 लाखांहून अधिक घरं काळोखात गेली, आणि सरकारी मोजणीनुसार 246 माणसं दगावली.

यातली मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट एका फॉर्मची आहे. टेक्सासची बरीच वीज नैसर्गिक वायूवर. वायू खेचणारे कॉम्प्रेसर विजेवर. ‘आमची लाइन तोडू नका’ असा अर्ज वीज कंपनीकडं द्यायची सोय होती. कित्येक वायूवाल्यांनी तो भरलाच नव्हता. मग भारनियमनात त्यांचीच लाइट गेली, वायू थांबला, वीजघरं आणखी बंद पडली. 2011 च्या थंडीनंतर यंत्रांना ऊबदार आवरणं घाला म्हणून अहवालात बजावलं होतं. एल पासो शहरानं ते ऐकलं आणि 2021 मध्ये तिथं फार थोड्यांची लाइट गेली, तीही थोडाच वेळ. एल पासो शिवाय पश्चिमेकडच्या मोठ्या ग्रिडला जोडलेलं; उरलेलं बहुतेक टेक्सास हट्टानं वेगळं.

इथं सोलापूरचा अभिमान मिरवू द्या. 2013 सरेपर्यंत आपला दक्षिण ग्रिडही टेक्साससारखाच वेगळ्या पावलीत चालायचा. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला 1000 मेगावॅटचं एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश विजेचं) केंद्र होतं, तिथून मापानं वीज पलीकडं जायची. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर ही 765 केव्हीची लाइन सुरू झाली आणि देशाची फ्रिक्वेन्सी एक झाली. नववर्षाच्या आदल्या रात्री झालेल्या या कामाला सोलापुरात एक फलकही नाही, असं मी ज्याला त्याला ऐकवतो. एसटीतून जाताना ते उंच मनोरे दिसले की शेजारच्या प्रवाशाची सुटका नसते.

घरच्या तयारीचं थोडक्यात: पिंप, टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं, गॅसचं भरलेलं दुसरं सिलिंडर. बंद खोलीत शेगडीत कोळसे पेटवून झोपू नये, कार्बन मोनॉक्साइडनं टेक्सासातही बळी गेले. वादळात पडलेल्या तारेला हात लावायचा नाही, 1912 ला फोन करायचा, डीपीतला फ्यूज स्वतः टाकायचा नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी डीपी उघडणारा एक शूर प्रत्येक वस्तीवर असतोच.

मोठ्या ग्रिडला जोडून घेतलं की संपलं, असं मात्र नाही. डिसेंबर 2022 च्या थंडीत सुधारलेल्या टेक्सासनं भारनियमन टाळलं, आणि मोठ्या ग्रिडला जोडलेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीला सुमारे नव्वद वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदाच ग्राहकांची वीज पाळीपाळीनं तोडावी लागली. तेव्हापासून मी ग्रामपंचायतीत एकच भुणभुण लावली आहे: नळयोजनेची मोटार, आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज आणि मोबाइलचा टॉवर कुठल्या फीडरवर आहेत, ते एका कागदावर लिहून उपकेंद्रात द्या. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला आणि लांबोटीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा पहिल्यांदा दोघा सदस्यांनी विचारलं, “कागद साधाच चालेल का?”