टाकीत काय भरलंय?

अड्यारला राहायला आल्यापासून फवारणीचे ड्रोन मला नवे नाहीत. डासांच्या अळ्या मारायला चेन्नई महापालिकेने इथल्या नदी-नाल्यांवर ते वापरलेत. हे यवतमाळकडच्या दादाला सांगितलं, तर फोनवर म्हणाला, "मग आपल्या कपाशीवर मारायला लायसन कशाला?"

लागतं बाबा. ड्रोन नियम ऑगस्ट 2021 मध्ये आले. उडवणारा 18 ते 65 वयाचा, दहावी पास आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला हवा. त्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. ड्रोनची नोंदणी आणि थर्ड पार्टी विमाही हवा. ड्रोनच्या हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची लागते. आमच्यासारखं विमानतळाजवळ राहणाऱ्याने आधी नकाशा बघावा. नियम मोडला तर लाखापर्यंत दंड.

एवढं ड्रोन विकणाराही सांगतो. टाकीत काय भरायचं, यावर मात्र तो फारसं बोलत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पाठीवरच्या पंपाने कपाशीला एकरी दहा-बारा पंप सहज लागतात; ड्रोन तेच काम दहाएक लिटरमध्ये उरकतो. औषध तेवढंच, पाणी कमी, म्हणजे थेंब कितीतरी जहाल. वारा फिरला की तो शेजाऱ्याच्या बांधावर. म्हणून इथे 1968 चा कीटकनाशक कायदाही लागू होतो. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने कार्यपद्धती काढली: मंजूर औषध, मंजूर मात्रा, ठरलेली उंची, आजूबाजूला मोकळा पट्टा आणि ग्रामपंचायत किंवा कृषी अधिकाऱ्यामार्फत गावाला आगाऊ सूचना. एप्रिल 2022 मध्ये 477 कीटकनाशकांना ड्रोनसाठी दोन वर्षांची हंगामी मुभा मिळाली होती. त्या जुन्या यादीवर विसंबू नये. लेबल वाचावं, कृषी अधिकाऱ्याला विचारावं.

यवतमाळकरांना हे जास्त सांगावं लागू नये. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्याबाहेर राहतो, हे मोठंच काम. पण टाकी भरणारा, नॉझल धुणारा हात माणसाचाच, आणि तो बहुधा उघडाच असतो.

वहिनीच्या बचत गटाला केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेचं कळलंय: ड्रोनवर 80 टक्के अनुदान, आठ लाखांपर्यंत. दादाला उडवायची फार हौस. पण तो नववीलाच थांबलेला. प्रशिक्षणाला वहिनी जायचं म्हणतेय.