आवाजाचा भाव

शेंदूरजनाघाटच्या नर्सरीतून संत्र्याची कलमे घेणारा शेतकरी एका अवघड जागी उभा असतो. समोरच्या पिशवीतले कलम हिरवेगार, तरतरीत दिसते आणि शेजारचेही तसेच दिसते. फळ कसे लागेल, झाड डिंक्या रोगात जाईल की टिकेल, हे कळायला चार-पाच वर्षे जावी लागतात. तोवर पैसे गेलेले असतात आणि जमीनही अडकलेली असते. म्हणून वरुड-मोर्शीच्या पट्ट्यातला जाणता बागायतदार पानांच्या तजेल्यावर जात नाही आणि नुसत्या भावावरही जात नाही. खुंट जंभेरीचा की रंगपूर लाइमचा, डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, तो जमिनीपासून किती उंचीवर भरला, हे तो विचारतो. गुण दिसत नसेल तर गुणाच्या कारणांची चौकशी करायची, ही त्याची रीत. महागडे हेडफोन घेतानाही नेमकी हीच रीत लागते, आणि हेडफोनच्या बाबतीत ती कितीतरी सोपी आहे. कलमाचे उत्तर काही वर्षांनी मिळते, हेडफोनचे एका दुपारीत मिळू शकते. तरीही हजारो रुपये मोजणारा ग्राहक कारणांची चौकशी सोडून किमतीचीच साक्ष काढतो, आणि ही साक्ष खोटी ठरते याचे पुरावे आता चांगले भक्कम आहेत.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचा गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू बाहेर पडतो, हे त्यांनी दाखवले. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तिकडे फसव्या मोटारीला ‘लेमन’ म्हणतात, म्हणून तो शब्द निबंधाच्या शीर्षकात आला. आपल्याकडे लिंबाच्याच कुळातला जंभेरीचा खुंट मात्र संत्र्याचा भरवशाचा आधार आहे. हेडफोनच्या बाजारातही घेणाऱ्याचे अज्ञान तेच, पण त्यातून वेगळेच घडते. गुण कळत नाही म्हणून ग्राहक किमतीलाच गुण मानू लागतो. मोबाइलच्या दुकानात पाचशे रुपयांना कानात घालायचे इअरफोन मिळतात, आणि दुसऱ्या टोकाला सेनहायझर कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केलेला एचई-१ हा संच आहे, ज्याची किंमत तेव्हा सुमारे ५० हजार युरो सांगितली गेली. एवढ्या उतरंडीत पायरीगणिक आवाज सुधारत असणार, असे कोणालाही वाटेल. येरून ब्रेबार्ट या संशोधकांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खर्जापासून तारापर्यंत कोणता स्वर किती जोराने ऐकू येतो त्याचा आलेख, आणि किरकोळ किंमत यांच्यात त्यांना काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोन सरसकट वाईट निघाले, असा याचा अर्थ नाही. किंमत ऐकून आलेखाचा अंदाज बांधता येत नाही, एवढाच अर्थ आहे, आणि माझ्या मुद्द्याला तेवढा पुरे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: आवाज म्हणजे काय एक आलेख? त्यासाठी हेडफोन कानाशी नेमके काय करतो ते पाहावे लागेल. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिचे एक टोक पडद्याने बंद असते. अशी नळी सुमारे ३ हजार हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते. शिवाय बाहेरचा पाळा, डोके आणि खांदे येणाऱ्या आवाजाला आपापला आकार देतात. समोर बसून गाणारा गायक आपण हा सगळा संस्कार झालेलाच ऐकतो, आणि जन्मापासूनच्या सवयीमुळे मेंदूला तोच नैसर्गिक वाटतो. हेडफोन या वाटेचा मोठा भाग टाळून थेट कानाच्या तोंडाशी आवाज ओततो. त्यामुळे कागदावर सपाट रेघ काढणारा हेडफोन ऐकायला मंद, गुदमरलेला वाटतो. हरवलेला चढ त्याने स्वतः भरून द्यावा लागतो, आणि कारागिरीचा कस तिथेच लागतो. उरलेल्या गोष्टींचे वजन लोकांना वाटते त्याहून कमी आहे. बऱ्यापैकी हेडफोनमध्ये नेहमीच्या पातळीवर होणारी विकृती संगीताखाली झाकली जाते. थाप किती चटकन उठते आणि किती चटकन विरते, हेही हेडफोनच्या बाबतीत बहुतांशी याच आलेखात बांधलेले असते, कारण खोलीतल्या भिंतींचे परावर्तन इथे नसते. जाहिरातींमधला ‘वेग’ आणि ‘तपशील’ पुष्कळदा आलेखातल्या एखाद्या उंचवट्याचेच दुसरे नाव असते.

मग योग्य आलेख कोणता, हे ठरवायचे कोणी? शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरमन कंपनीच्या प्रयोगशाळेत २०१२ पासून हा प्रश्न श्रोत्यांनाच विचारला. एक अडचण होती. हेडफोन डोक्यावर चढला की वजनावरून आणि गादीच्या स्पर्शावरून तो ओळखता येतो, डोळे बांधूनही झाकाझाक होत नाही. म्हणून त्यांनी एकाच हेडफोनला इक्वलायझरने वेगवेगळ्या मॉडेलांचे आलेख दिले. डोक्यावरची वस्तू तीच, आवाज मात्र बदलता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात ३१ हेडफोनांना मिळालेली पसंती आणि केवळ आलेखावरून केलेले भाकीत यांचा सहसंबंध ०.८६ आला. त्याच सुमारास त्यांनी श्रोत्यांचे तीन गट पाडले. ६४ टक्क्यांना श्रोत्यांच्या पसंतीतून घडवलेला हरमनचा आदर्श आलेख आवडला, १५ टक्क्यांना खर्ज आणखी हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. या शेवटच्या गटात पन्नाशी ओलांडलेल्यांचे प्रमाण जास्त होते. आता हरमन ही स्वतःच जेबीएल आणि एकेजी या नावांनी हेडफोन विकणारी कंपनी आहे, तेव्हा शंका घेणे रास्तच आहे. पण पद्धत छापलेली आहे आणि आलेख कोणालाही मोजता येतो. आवड व्यक्तिगत असते, हा आक्षेपही या आकड्यांपुढे निम्माच टिकतो. माणसे वेगळी आहेत, पण मनमानी वेगळी नाहीत. संत्रे कोणाला आंबटसर आवडेल, कोणाला गोड, म्हणून रसातली साखर मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर निरुपयोगी ठरत नाही.

झाकून ऐकण्याचा एवढा आग्रह का, याचे उत्तर थोडे जुने आहे. फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच लाउडस्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना दिलेले गुण आकार, नाव आणि किमतीकडे झुकले. पडद्याआड ते झुकणे गेले आणि आवाजातले खरे फरक वर आले. श्रोते ध्वनीच्याच व्यवसायातल्या कंपनीत काम करणारे होते, म्हणजे अनुभवाने माणूस यातून सुटत नाही. डोळ्यांपेक्षाही छुपा भामटा म्हणजे आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की आवाज हळू असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि पातळी वाढली की तो भरून येतो. म्हणून एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रतींपैकी एक-दीड डेसिबलने मोठी असलेली प्रत ‘मोठी’ वाटत नाही, ‘भरीव’ आणि ‘मोकळी’ वाटते. दुकानात दोन हेडफोन एकापाठोपाठ कानाला लावून दिलेला निकाल बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीचा निकाल असतो. ज्याला हेडफोनच्या दोन तारांमधला किंवा गाण्याच्या दोन फाइलींमधला फरक ओळखता येतो असे वाटते, त्याने पातळी समान करून, कोणते काय वाजते आहे हे न कळता, १६ वेळा सांगून पाहावे. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, म्हणून १२ आले तर दावा गंभीरपणे घ्यावा. ९ आले तर नाणे उडवून जे आले असते तेच आले.

तयार कानाला जे ऐकू येते ते सामान्य श्रोत्यांच्या सरासरीत बुडते, असे काही जण म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते किती आहे हेही मोजून झाले आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले, असे ५५४ वेळा ऐकवले. बरोबर उत्तरे आली २७६, म्हणजे निम्मीदेखील नाहीत. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा यशाचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांचे त्याहून बरेच वर गेले. म्हणजे फरक असू शकतो, सरावाने तो पकडताही येतो, पण शंभर वेळा ऐकून जो फरक जेमतेम निसटता हाती लागतो त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही. कानावर नीट न बसलेली गादी याच्या कितीतरी पट फरक पाडते. चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली की खर्ज तिथून गळून जातो, आणि मग हेडफोन कितीही लाखांचा असो.

यापेक्षा वजनदार आक्षेप आपल्या संगीताचा आहे. हे प्रयोग पाश्चात्त्य गाण्यांवर झाले, मग तानपुऱ्याच्या जवारीला ते लागू कसे होतील? सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास तानपुरा आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास केला. पसरट, किंचित वक्र घोडीवर तार घासत कंप पावते म्हणून तिच्यातून वरच्या स्वरांची रांग उमलत जाते, हे त्यांनी मांडले. ही रांग म्हणजेच जवारी. मिरजेचे कारागीर घोडी घासून आणि तारेखालचा दोरा सरकवून तीच कानाने जुळवतात. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, त्याचा खर्ज ६९. पण जवारीची लकाकी त्याच्या कितीतरी वर, काही हजार हर्ट्झपर्यंत पसरते. खर्ज क्षीण असला तरी वरच्या स्वरांच्या अंतरावरून मेंदू तो जुळवून घेतो, म्हणून लहानशा रेडिओवरही तानपुरा ओळखू येतो. हेडफोनला राग कळत नाही, त्याला फक्त कोणत्या कंपनाला किती दाब द्यायचा एवढेच असते, तेव्हा आलेखाचा नियम इथेही तोच. कसोटीला काय लावायचे, ते मात्र आपण आपले निवडावे. ६ ते ८ हजार हर्ट्झला उंचवटा असलेल्या हेडफोनवर जवारी मूळ मुद्रणापेक्षा जास्त खुली वाटते आणि ऐकणारा त्याला ‘तपशील’ म्हणतो. पण तो तपशील कारागिराने घातलेला नसतो. सेनहायझरच्या २००९ मधल्या एचडी ८०० या नावाजलेल्या हेडफोनला ६ हजार हर्ट्झच्या आसपास असा उंचवटा होता, आणि पुढच्या एचडी ८०० एस मध्ये कंपनीनेच आत शोषक बसवून तो खाली आणला. वऱ्हाडात याहून सोपी कसोटी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी जिच्यावर भजने गायली ती खंजिरी. चामड्यावरची थाप खाली, गळा मधे आणि झांजा अगदी वर, सगळे एकाच वेळी. ज्याने गावच्या मंडळाचे भजन जवळून ऐकले आहे, त्याला मोजणी यंत्राशिवाय कळते की झांजा टोचतात का, थाप फुगली आहे का, आणि शब्द मागे पडलेत का.

मग जास्तीचे पैसे वायाच जातात का? नाही, पण ते कशासाठी देतो आहोत ते स्पष्ट नाव घेऊन सांगावे. सूर बदलणे आता जवळपास फुकट आहे. हरमनच्या प्रयोगात इक्वलायझरने जे केले ते मोबाइलच्या अ‍ॅपमध्येही होते, आणि शेकडो हेडफोनांची मोजमापे इंटरनेटवर उघडी आहेत. जे अ‍ॅपमध्ये मिळत नाही ते म्हणजे डोक्यावर तीन तास न बोचणारी पट्टी, झिजली की बदलता येणारी गादी, तुटली की काढता येणारी तार. १९९७ मध्ये आलेला एचडी ६०० अजून विकला जातो, तो याच गुणांवर. हिशेबासाठी २० हजारांचा हेडफोन १५ वर्षे चालला असे धरू, आणि २ हजारांचा दीड वर्षात मोडून पुन्हा घ्यावा लागला असेही धरू. दोन्हींचा वर्षाचा खर्च सारखाच, तेराशेच्या वर थोडा. अशा वेळी निर्णय आरामावर आणि कचऱ्यावर करावा, बिलावरच्या आकड्यावर नको.

आणखी एका गोष्टीवर खर्च करावा असे मला मनापासून वाटते, ती म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणे. आठवड्याला ४० तास ऐकायचे तर पातळी ८० डेसिबलच्या आत असावी, ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एसटीत इंजिनाच्या घरघरीवर मात करायला माणूस आवाज नकळत वाढवत नेतो. गोंगाट रद्द करणारे हेडफोन या सलग, खालच्या घरघरीवरच सर्वांत प्रभावी असतात. गाडीतल्या गप्पा ते तितक्या अडवत नाहीत. शेंदूरजनाघाट ते अमरावती असा रोजचा प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याने दुकानात हेडफोन घेताना गाणे लावण्याआधी, फक्त गोंगाट रद्द करण्याची सोय चालू ठेवून, ते कानावर चढवावेत, शेजारच्या पंख्याची घरघर किती विरते ते ऐकावे, आणि मगच भावाचे विचारावे.