इंजिनाची टिकटिक आणि विहिरीची मोटार

पोळ्याला मी दरवर्षी पांढुर्ण्याला घरी जातो. गेल्या वेळी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर बॉनेटखालून टिक-टिक-टिक. शिलाई मशीन चालावी तसा आवाज. लगेचच्या सकाळी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं होतं. आणि हा दिवस गोटमारीचा! जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. अशा दिवशी गॅरेज कोण उघडणार? ओळखीचा एक मिस्तरी घरी आला, दोन मिनिटं कान लावून म्हणाला, “टॅपेट गेले. हेड खोलावं लागते. पंचवीस हजार धरून चाला.” वर चार दिवस लागणार होते.

चुलतभाऊ म्हणाला, सौसरला एक जुने काका आहेत, त्यांना दाखवू. आम्ही हळूहळू गाडी नेली.

काकांनी पान्याला हातही लावला नाही. डिपस्टिक ओढली, पुसली, परत बुडवून काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, आणि काळंकुट्ट. “अन् अशीच आणली पांढुर्ण्याहून? इंजिन जाम झालं असतं म्हणजे?” मी गप्प. मध्यंतरी तेल कमी वाटलं तेव्हा बगिच्यातल्या ट्रॅक्टरच्या डब्यातलं थोडं ओतलं होतं, तेही कबूल करावं लागलं.

आता हा आवाज कशाचा, ते सांगतो. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्टचे उंचवटे त्यांना दाबून उघडतात. 2000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1000 वेळा. धातू तापला की फुगतो, म्हणून मधे बारीकशी फट लागते. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो. जास्त झाली तर खटखट. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत ही फट मिस्तरी फिलर गेजची पातळ पट्टी घालून हाताने बसवत. ‘टॅपेट सेट करून आणतो’ हे घरातल्या मोठ्यांचं वाक्य त्याच काळातलं.

हायड्रॉलिक लिफ्टर ही फट स्वतःच भरतो. 1930च्या कॅडिलॅक व्ही-16मध्ये अशी सोय होती, आणि पुण्याजवळच्या रांजणगावला बनलेल्या फियाटच्या 1.3 मल्टिजेट डिझेलमध्येही आहे. आमच्या गाडीचं इंजिन त्याच जातीचं. लिफ्टर म्हणजे एक छोटी पोकळ नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्याखाली स्प्रिंग, आणि तेल आत येऊ देणारी पण परत न सोडणारी बारीक गोळी. विहिरीच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह पाहिलाय ना? काम तेच. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग दट्ट्या वर ढकलून फट मिटवते आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत तेल शिरतं. कॅमचा दाब आला की गोळी वाट अडवते, तेल कोंडतं. कोंडलेलं तेल जवळजवळ दबतच नाही, म्हणून लिफ्टर लोखंडाच्या तुकड्यासारखा ताठ राहतो. दट्ट्याच्या कडेने किंचित तेल झिरपतं, पण तेही मुद्दाम ठेवलेलं: भाग तापून वाढले तर लिफ्टरला तेवढं आखूड होता यावं.

तेल कमी पडलं की इंजिनाचा पंप तेलासोबत हवाही ओढतो, आणि हवा दबते. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीत पाणी भरा, तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबा. मग नुसती हवा भरून दाबा. फरक लगेच कळेल. विहिरीच्या मोटारीने हवा धरली की ती नुसती घरघरते, पाणी चढत नाही. तसाच लिफ्टर लिबलिबीत होतो आणि फट टिकटिकते.

काकांनी तेल गरम असतानाच सोडलं, फिल्टर बदलला, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं तेल भरलं. “थोडी रेस धर.” सुरुवातीला टिकटिक तशीच. माझा चेहरा उतरला. पण दहाएक मिनिटांत हवा निघत गेली तसा आवाज विरळ झाला, मग थांबला.

पहिला मिस्तरी अगदीच चुकला असंही नाही. योग्य तेल भरूनही आवाज राहिला, तर लिफ्टर मळाने अडकलेला किंवा झिजलेला असू शकतो, आणि मग खोलावंच लागतं. सकाळी सुरू करताना दोन-चार सेकंद टिकटिक झाली तर मात्र घाबरू नका. तेलाचा लाल दिवा पेटला तर गाडी तिथेच बंद करा, आमच्यासारखं ‘सौसरपर्यंत जाऊ’ नका.

खर्च झाला साडेतीन हजार. पैसे घ्यायच्या आधी काकांनी डिपस्टिक माझ्या हातात दिली. “आता तू पाहून सांग.” मी पुसली, बुडवली, काढली. तेल दोन खुणांच्या मधे होतं. पहाटे पाचला आईला घेऊन नागपूरला निघालो.