ताप एकच, आरोपी दोन!

ताप आला? बर्डीवरच्या एखाद्या मेडिकलमध्ये जायचं, 'भाऊ, तीन दिवसांचं अँटिबायोटिक द्या ना' म्हणायचं आणि गोळ्या गिळून कॉलेजला पळायचं. आपल्यापैकी अनेकांचा हाच फंडा! पण दोस्तांनो, ताप आणणारा बॅक्टेरिया आहे की व्हायरस, हे गोळी घेण्याआधी कुणी विचारतं का?

दोघांची उदाहरणं आपल्या नागपुरातच आहेत. 1965 मध्ये नागपूर भागात डेंगी-चिकुनगुनियाची साथ होती. तापाच्या रुग्णांचं रक्त तपासताना पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवाच विषाणू सापडला. आपल्या जिल्ह्यातल्या गावावरून त्याला नाव मिळालं, 'चांदिपुरा'. हाच विषाणू 2003 मध्ये आंध्र प्रदेशात लहान मुलांवर उलटला. मेंदूला सूज आलेल्या 329 मुलांपैकी 183 दगावली. 2024 मध्ये गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला.

दुसरा आरोपी स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर-विदर्भात त्याने जीव घेतले. हा आजार जिवाणूचा. गवता-झुडपांतला बारीक किडा चावला की तो अंगात शिरतो. चावल्याच्या जागी कधीकधी काळी खपली दिसते.

सुरुवातीला दोन्हींत ताप आणि डोकेदुखीच. मग फरक काय? जिवाणू ही स्वतंत्र पेशी. तिच्याकडे प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रणा असते आणि एकाचे दोन होत ती वाढते. काही जिवाणू विषारी द्रव्यंही सोडतात. विषाणू त्याहून कितीतरी लहान, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही. त्याच्याकडे स्वतःची यंत्रणाच नाही. तो आपल्या पेशीत घुसतो आणि तिच्याकडून स्वतःच्या कॉप्या काढून घेतो. त्यात पेशी मरतात, सूज येते. चांदिपुरात ही सूज थेट मेंदूला येते.

अँटिबायोटिकचा नेम असतो जिवाणूच्या यंत्रणेवर. म्हणून वेळेत ओळखलेला स्क्रब टायफस डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. विषाणूकडे ती यंत्रणाच नाही, तर गोळी मारणार कुठे? चांदिपुरावर आजही खास औषध किंवा लस नाही. लक्षणांवर तातडीने उपचार आणि वाळूमाशीपासून बचाव, एवढंच हातात आहे. डासाहूनही लहान असलेली ही माशी भिंतींच्या भेगांत, ओलसर जागी राहते.

विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकचा आणखी एक तोटा. शरीरातले कमजोर जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. मग खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी फेल!

म्हणून पुढच्या वेळी ताप आला, तर काउंटरवर नाही, डॉक्टरकडे जा. 'शेतात, झुडपांत गेलो होतो,' हे आठवणीने सांगा. आणि घरातल्या लहान मुलाला तापासोबत झटके आले किंवा ते गुंगीत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. थेट हॉस्पिटल गाठा.